साक्षीला कुणीतरी हवे!

मनगटावरचे घड्याळ बंद पडले की आपण काय करतो? कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे नेतो. तो डोळ्याला भिंग लावतो, मागचे झाकण उघडतो आणि "परवा या," म्हणतो. पण फुटलेले घड्याळ सत्तर वर्षे तसेच जपून ठेवायचे आणि नातीच्या हातात देताना "हे कधीही दुरुस्त करू नकोस," असे बजावायचे, हे जरा विचित्रच नाही का? आज ज्या मालिकेच्या एका भागाविषयी लिहायचे आहे, त्याची सुरुवात नेमकी अशी होते.

इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात, मूळच्या पाकिस्तानी कुटुंबात आजीचा वाढदिवस आहे. घरची मंडळी जमली आहेत. आजीचे नाव उम्ब्रीन. ती लेकी-नातींना आपल्या जपलेल्या वस्तू वाटते आहे. यास्मिन ही नात पोलिस खात्यात उमेदवारी करणारी, त्यामुळे चौकसपणा अंगात मुरलेला. तिच्या वाट्याला ते फुटके घड्याळ येते. "पाकिस्तानात लग्न झालेली पहिली बाई मीच," असे आजी ऐटीत सांगते. पण घड्याळ कुणाचे, फुटले कसे, हे विचारले की तिचे तोंड बंद!

अशी एखादी आजी आपल्याही घरात असते. नको तेव्हा तीच ती गोष्ट चारदा सांगेल, पण जी ऐकायची ती कधीच सांगणार नाही. आपण हात टेकतो आणि गप्प बसतो. यास्मिन मात्र गप्प बसत नाही. कारण तिच्या मैत्रिणीकडे काळाच्या मागेपुढे जाणारे यान आहे.

निळी पेटी आणि तिचा नियम

ही मैत्रीण म्हणजे 'डॉक्टर'. बीबीसीची 'डॉक्टर हू' ही विज्ञानमालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. तिचा नायक परग्रहावरचा. जुन्या काळी लंडनच्या रस्त्यांवर पोलिसांना बोलावण्यासाठी निळ्या पेट्या असत, तशा दिसणाऱ्या यानातून तो कुठल्याही काळात जातो. मरणाची वेळ आली की तो नवे शरीर धारण करतो. नट बदलला तरी मालिका चालू राहावी, म्हणून लेखकांनी काढलेली ही नामी युक्ती! २०१८ मध्ये ही भूमिका प्रथमच एका अभिनेत्रीकडे, जोडी व्हिटाकर हिच्याकडे आली. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला 'डीमन्स ऑफ द पंजाब' हा भाग दाखवला गेला. लेखक विनय पटेल, भारतीय वंशाचे ब्रिटिश नाटककार. काळ : ऑगस्ट १९४७. स्थळ : पंजाब.

मालिका सुरू झाली तेव्हा मुलांना करमणुकीतून इतिहास आणि विज्ञान शिकवावे, असा हेतू होता. म्हणून डॉक्टरबरोबर प्रवासाला निघालेल्या पहिल्या मंडळींत शाळेतले दोन शिक्षक होते. इतिहासाच्या बार्बराबाई आणि विज्ञानाचे इयान मास्तर. १९६४ च्या 'द ॲझ्टेक्स' या कथेत बार्बराबाई प्राचीन मेक्सिकोत पोहोचतात. तिथले लोक त्यांना देवी समजतात. नरबळीची प्रथा आपण बंद पाडू, म्हणजे ही संस्कृती वाचेल, असे बाईंना वाटते. डॉक्टर बजावतो, की घडलेला इतिहास बदलता येणार नाही. आणि खरोखरच बाईंच्या हाती काही लागत नाही.

अमेरिकेतल्या 'स्टार ट्रेक' मालिकेनेही १९६७ मध्ये हाच पेच मांडला. 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' या भागात कॅप्टन कर्क १९३० सालच्या न्यूयॉर्कमध्ये येतो. गोरगरिबांना जेवू घालणाऱ्या एका बाईंवर त्याचे मन जडते आणि मग कळते, की इतिहास मार्गावर राहायचा तर या बाई अपघातात जायलाच हव्यात. धावून जाणाऱ्या आपल्याच डॉक्टर मित्राला कर्क अडवतो. विज्ञानकथेतली माणसे भूतकाळात गेली, की त्यांच्यापुढे हा प्रश्न हमखास उभा राहतो. सगळे माहीत असूनही हात बांधलेले. मग जायचे तरी कशाला?

शेतातली दोरी

तर यास्मिन हट्ट धरते. डॉक्टर आधी कां-कूं करते आणि अखेर घड्याळाच्या मागावर यान सोडते. सगळे उतरतात ते १७ ऑगस्ट १९४७ रोजी. ही तारीख पटेल यांनी उगीच निवडलेली नाही. स्वातंत्र्य १५ ऑगस्टला मिळाले, हे शाळकरी पोरही सांगेल. पण पंजाब आणि बंगालमधली सीमारेषा प्रसिद्ध झाली ती १७ ऑगस्टला! मधले दोन दिवस लाखो लोकांना आपण कोणत्या देशात आहोत, हेच ठाऊक नव्हते. रेषा आखणारे सर सिरिल रॅडक्लिफ पूर्वी कधी भारतात आले नव्हते. ८ जुलैला ते दिल्लीत उतरले आणि जेमतेम पाच आठवड्यांत त्यांनी दोन प्रांतांची वाटणी उरकली. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी सुमारे सव्वा ते दीड कोटी माणसांनी घरदार सोडले. किती मेली, याचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत आहेत. मेलेल्या माणसांच्या मोजणीत अठरा लाखांचा फरक पडावा, यातच सगळे आले. त्यांना मोजणारे कुणी नव्हते.

यास्मिनला तिथे तरुण उम्ब्रीन भेटते. तिचे लग्न ठरले आहे, पण नवरा मुलगा यास्मिनचे आजोबा नव्हेत. तो शेजारच्या शेतातला प्रेम, हिंदू तरुण, महायुद्धात लढून परतलेला. नातीच्या पायाखालची जमीनच सरकते. म्हणजे आजीचे आपल्याला माहीत नसलेले एक आयुष्य होते! उम्ब्रीनच्या आईला हे लग्न अशुभ वाटते. प्रेमचा धाकटा भाऊ मनीष तर पेटून उठला आहे. फाळणीच्या वाऱ्याने त्याच्या डोक्यात दुसरे काही शिल्लक ठेवलेले नाही. लग्न लावायला निघालेल्या साधूचा रानात खून होतो. अखेर लग्न लावण्याचे काम डॉक्टरवर येते.

हे लग्न लागते ते शेतात, नव्या सीमेवर. दोन घरांच्या जमिनींमधून देशांची हद्द गेली आहे. ती कशाने दाखवली आहे? तारेचे कुंपण नाही, चौकी नाही, एक साधी दोरी. सकाळपर्यंत जी माणसे ताक मागायला बांधावरून ये-जा करत असतील, त्यांच्यासाठी आता ही परदेशाची हद्द! लग्नात प्रेम आपले घड्याळ उम्ब्रीनला देतो, ते खाली पडते आणि फुटते. काटे थांबतात. ही आपली वेळ, असे ते दोघे मानतात. आजीने घड्याळ दुरुस्त का करू दिले नाही, ते आता आपल्याला कळते.

राक्षस कोण?

नावात 'डीमन्स' आहेत, तेव्हा राक्षस हवेतच. ते आहेतही. उंच, भेसूर चेहऱ्याचे दोन परग्रहवासी रानात वावरतात, मृतदेहांपाशी दिसतात. महायुद्धात थोरला भाऊ मारला गेला तेव्हाही प्रेमला ते दिसले होते. साधूच्या देहाशी ते उभे असतात, तेव्हा खुनी हेच, याबद्दल डॉक्टरलाही शंका राहत नाही. एकेकाळी हे थिजेरियन म्हणजे विश्वातले नामांकित मारेकरी होतेच.

पण खरी गोष्ट वेगळी निघते. हे मारेकरी एकदा आपल्या ग्रहावर परतले, तर ग्रहच उरला नव्हता. त्यांची सारी माणसे मेली होती आणि त्यांच्यासाठी रडायलाही कुणी नव्हते. तेव्हापासून त्यांनी शस्त्र खाली ठेवले. आता विश्वात जिथे कुणी एकटे, बेवारस मरते, तिथे ते जातात. मरणाऱ्याशेजारी उभे राहतात आणि त्याची आठवण जपतात. बस्स, एवढेच काम.

मग साधूला मारले कुणी? मनीषने. ज्याच्या अंगाखांद्यावर तो खेळला, त्या थोरल्या भावाच्या घरी आता तो बंदूकधारी टोळी घेऊन येतो. परग्रहावरचा राक्षस हात जोडून उभा आणि घरातला पोरगा मारेकरी! विज्ञानकथेत ही उलटापालट नवी नाही, पण फाळणीच्या गोष्टीत ती अंगावर येते. सत्तेचाळीसचे मारेकरी कुठून आले होते? अनेक ठिकाणी ते शेजारच्याच गावचे, ओळखीचे होते. दंगल ओसरल्यावर ते पुन्हा नांगर धरू लागले.

प्रेम मरणार, हे डॉक्टरला कळून चुकले आहे. त्याला वाचवले तर उम्ब्रीनचे पुढचे आयुष्य बदलेल आणि यास्मिन जन्मालाच येणार नाही. उम्ब्रीन आणि तिची आई निघून जातात. प्रेम भावाला समजवायला मागे थांबतो. डॉक्टर आणि तिचे सोबती पाठ फिरवून चालू लागतात. मागून गोळीचा आवाज येतो. पडद्यावर रक्त दिसत नाही, दिसतात ते फक्त चालणाऱ्यांचे चेहरे. आणि प्रेमपाशी उभे असतात ते दोन 'राक्षस'. तो एकटा मरत नाही.

हा भाग दाखवला गेला तो दिवसही लक्षात घ्या. ११ नोव्हेंबर २०१८ ला पहिले महायुद्ध थांबून बरोबर १०० वर्षे झाली होती. ब्रिटनमध्ये त्या दिवशी धारातीर्थी पडलेल्या सैनिकांचे स्मरण करतात. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्यात सुमारे २५ लाख जवान होते. त्या संध्याकाळी ब्रिटिश घराघरांत त्यांच्यातलाच एक, युद्धातून जिवंत परतून स्वतःच्या शेतात मारला गेलेला प्रेम, दिसला. लेखकाने भाषण न देता साधलेली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गंगाधरपंत आणि डॉक्टर

मराठी वाचकाला इथे डॉ. जयंत नारळीकरांचे 'गंगाधरपंतांचे पानिपत' आठवल्याशिवाय राहणार नाही. प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा एका जगात जाऊन पोहोचतात, जिथे १७६१ चे पानिपत मराठ्यांनी जिंकले आहे. विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे केसभर अंतराने चुकते आणि इतिहास दुसरीकडे वळतो. पानिपत हा आपल्या मनातला जुना सल. त्यामुळे ती कथा वाचताना छाती फुगते आणि पाठोपाठ हुरहूर लागते. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले, तेव्हा कितीतरी जणांना प्रथम हीच कथा आठवली असेल.

'जर-तर'चा हा खेळ बुद्धीला आवडतो. पंजाबच्या गोष्टीत मात्र लेखकाने तो मोह टाळला. गोळी चुकत नाही. पानिपतानंतर अडीचशेहून अधिक वर्षे लोटली, तिथली जखम आता पोवाड्यात आणि पुस्तकात आहे. फाळणीची जखम अजून माणसांच्या अंगावर आहे. तिथे गोळी चुकवून दाखवणे म्हणजे ज्यांची चुकली नाही, त्यांची थट्टाच झाली असती.

उणिवा नाहीत असे नाही. पंजाब म्हणून दिसतो तो स्पेनचा माळरान, त्यामुळे कालव्याच्या पाण्यावर डुलणारी हिरवी शेते शोधायला जाऊ नका. सगळी पात्रे अस्खलित इंग्रजी बोलतात. यानाची किमया म्हणून ते खपून जाते, पण पंजाबी आजीच्या तोंडची शिवीसुद्धा कानावर पडत नाही, याची चुटपुट लागते. तासाभराच्या आत फाळणी बसवायची म्हणजे पुष्कळ गोष्टी सुटणारच. पळवून नेलेल्या हजारो स्त्रियांविषयी अक्षर नाही, आणि इंग्रज राज्यकर्त्यांची घाई व बेपर्वाई एखाद्या वाक्यात आटोपली आहे. पण कौटुंबिक मालिकेने शाळकरी मुलांसमोर हा विषय मांडला आणि तो गोड करून मांडला नाही, हे श्रेय द्यायलाच हवे.

पहिल्याच भागातला लखनवी माणूस

आता एक योगायोग ऐका. १९६३ चा 'डॉक्टर हू'चा पहिलावहिला भाग दिग्दर्शित केला होता वारिस हुसेन यांनी. वय अवघे २४, जन्म लखनौचा! त्यांची आई म्हणजे लेखिका आतिया हुसेन. फाळणी झाली तेव्हा हे कुटुंब इंग्लंडमध्ये होते. पाकिस्तानात जाणे आतियाबाईंना मंजूर नव्हते. त्या इंग्लंडमध्येच राहिल्या, बीबीसीसाठी काम करू लागल्या आणि १९६१ मध्ये त्यांची 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' ही फाळणीच्या काळातल्या लखनौची कादंबरी प्रसिद्ध झाली. म्हणजे ज्या मालिकेला फाळणीची गोष्ट सांगायला ५५ वर्षे लागली, तिचा पहिला भाग फाळणीमुळे परक्या देशात राहिलेल्या घरातल्या मुलाने घडवला होता.

आपल्याकडच्या छोट्या पडद्याने हे धाडस आधीच केले होते. १९८६-८७ मध्ये 'बुनियाद'ने लाहोरच्या कुटुंबाची गोष्ट घराघरांत नेली. १९८८ च्या जानेवारीत दूरदर्शनवर गोविंद निहलानींची 'तमस' आली. निहलानींचा जन्मही कराचीचा. 'तमस' थांबवावी म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्तींनी स्वतः मालिका पाहिली आणि ती दाखवण्यास परवानगी दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही बंदी नाकारली. आमच्या आई-वडिलांची पिढी अजून सांगते, की 'तमस' लागली की चाळीत शांतता पसरायची.

कॅम्प नंबर तीन

महाराष्ट्रात प्रेतांनी भरलेल्या आगगाड्या आल्या नाहीत. आपल्याकडे फाळणी आली ती निर्वासितांच्या रूपाने. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधमधून आलेल्या लाखभर माणसांना जागा दिली गेली आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. तरी लोकांच्या तोंडी 'कॅम्प'च राहिले. कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर दोन, असे.

माझा शाळेतला एक मित्र त्यातल्याच एका घरातला. त्याच्या आजीला सगळे अम्मा म्हणत. घरी गेले की पाण्याबरोबर भाजलेला पापड हातात ठेवायची. एकदा मी विचारले, "अम्मा, तुमचं गाव कुठलं?"

"कॅम्प नंबर तीन."

"त्याच्या आधीचं?"

"त्याच्या आधी काही नाही. तू पापड खा."

आम्ही हसलो. मग आम्ही मोठे झालो, नोकऱ्या लागल्या. दहा-बारा वर्षांपूर्वी अम्मा गेली. दिवसकार्याला आलेल्या एका वृद्ध पाहुण्याने सहज विचारले, "मूळ गाव कोणतं म्हणायचं?" घरातली माणसे एकमेकांकडे पाहत राहिली. अम्माच्या मुलाला सांगता येईना, सुनेला येईना, नातवाला तर नाहीच. सत्तर वर्षे ज्या घरात ती वावरली, तिथे ती कुठून आली हे माहीत असणारे कुणी नव्हते. विचारायचे राहूनच गेले होते. मीही एकदाच विचारले होते, आणि पापड खाल्ला होता.

उर्वशी बुटालिया यांनी १९९८ मध्ये 'द अदर साइड ऑफ सायलेन्स' हे पुस्तक लिहिले, ते अशाच गप्प राहिलेल्या माणसांशी बोलून. अमृतसरच्या जुन्या टाउन हॉलमध्ये २०१७ पासून फाळणीचे संग्रहालय आहे. तिथे लोकांनी बरोबर आणलेल्या वस्तू आणि त्यांच्याच आवाजातल्या हकिगती ठेवल्या आहेत. म्हटले तर हे सगळे त्या दोन 'राक्षसां'चेच काम. मेलेल्याला परत आणता येत नाही, शेजारी उभे मात्र राहता येते.

भागाच्या शेवटी यास्मिन शेफील्डला परतते. तिच्या हातावरची मेंदी आजीच्या नजरेस पडते. आजी आता घड्याळाची गोष्ट सांगायला तयार आहे. आणि इतका हट्ट केलेली ही नात म्हणते, नंतर कधीतरी सांग. तिला सगळे कळले आहे. आजीला ते पुन्हा भोगायला लावण्याची गरज उरलेली नाही. हा संयम यास्मिनला परवडतो, कारण तिच्याकडे निळी पेटी आहे. आपल्याकडे ती नाही, आणि 'नंतर' किती दिवस शिल्लक आहे, तेही ठाऊक नाही. सत्तेचाळीस साली जे दहा वर्षांचे होते, ते आज नव्वदीच्या घरात आहेत. विचारावे, जबरदस्ती करू नये. पण एका 'पापड खा'वर उठूनही येऊ नये.

हा भाग मी त्या मित्राबरोबर पाहिला. संपल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने अम्माच्या धाकट्या बहिणीला फोन लावला. ती गुजरातमध्ये असते, वय नव्वदीला टेकलेले, कानाने कमी. तीन वेळा ओरडून विचारावे लागले. चौथ्यांदा तिने एक नाव सांगितले. सिंधमधले, नदीकाठचे छोटेसे गाव. मित्राने ते हाताशी सापडलेल्या विजेच्या बिलाच्या मागे लिहून घेतले, आणि नीट ऐकू आले ना, म्हणून तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतले.